खुर्ची का सुटत नाही?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्तीच्या बाबतीत आम्हा शिक्षकांइतके निश्चिंत लोक क्वचितच असतील. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जन्मतारीख लिहिलेली असते. तिच्यात ५८ मिळवले की उत्तर तयार. मन मानो अथवा न मानो, त्या महिन्याच्या अखेरीस हार, शाल आणि चार गौरवपर भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा आपल्यावाचून वाजते. बँकेतला कारकून, एस.टी.चा चालक, कचेरीतला शिरस्तेदार, सर्वांचे असेच. प्रवासी विमान चालविणाऱ्या वैमानिकालाही ६५ व्या वर्षी खाली उतरावे लागते.

आता जरा वरच्या पायऱ्यांकडे पाहा. जसजशी खुर्ची मोठी होत जाते, तसतशी ही तारीख पुसट होत जाते. अगदी वरच्या काही खुर्च्यांवर तर ती लिहिलेलीच नसते. तेथे बसलेल्या माणसाने केव्हा उठायचे हे त्याचे त्यानेच ठरवायचे असते, आणि पुष्कळ जण ते कधीच ठरवीत नाहीत. असे का व्हावे? 'लोभ, दुसरे काय?' असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. ते अपुरे कसे, हे सांगण्यासाठी मी तुम्हाला दूरच्या एका न्यायालयाची हकिगत सांगणार आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला आपले सर्वोच्च न्यायालय शिकविताना मी नेहमी त्याची तुलना करतो, म्हणून ते उदाहरण मला जवळचे आहे.

हे न्यायालय म्हणजे अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय. तेथे नऊ न्यायाधीश असतात. १७८७ साली लिहिलेल्या त्यांच्या राज्यघटनेत असे म्हटले आहे की, वर्तणूक चांगली असेपर्यंत न्यायाधीशाने पदावर राहावे. वयाची अट नाही, मुदत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६५ व्या वर्षी आणि उच्च न्यायालयाचा ६२ व्या वर्षी निवृत्त होतो. तेथे मात्र तहहयात. यामागे हेतू वाईट नव्हता. ज्याला नोकरी जाण्याची भीती नाही तो राष्ट्राध्यक्षालाही भिणार नाही, असा तो विचार होता. घटनेच्या समर्थनार्थ लिहिणाऱ्या अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी वयोमर्यादेची कल्पना थट्टेवारी नेली. बुद्धी मंद होईपर्यंत जगतात तरी कितीजण, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ते स्वतः १८०४ साली द्वंद्वयुद्धात मारले गेले, तेव्हा पन्नाशीही उलटलेली नव्हती. त्या काळच्या हिशेबाने त्यांचे खरेही असेल. पण औषधे सुधारली, आयुष्ये वाढली आणि घटनेतले ते वाक्य तसेच राहिले.

आधी पैशाचा मुद्दा निकालात काढू. १८६९ सालीच तेथे कायदा झाला की, सत्तरी गाठलेल्या आणि दहा वर्षे सेवा झालेल्या न्यायाधीशाने निवृत्ती घेतल्यास त्याला पूर्ण वेतन मिळत राहील. पुढे ही अट आणखी सैल झाली. म्हणजे उद्यापासून कामावर न जाता पगार तोच! आपल्यापैकी कोण नाही म्हणेल? ते न्यायाधीश मात्र म्हणतात. तेव्हा लोभ असलाच तर तो पैशाचा नाही.

मग कशाचा? त्या न्यायालयाची एक जुनी गोष्ट आहे. १८६९-७० च्या हिवाळ्यात रॉबर्ट ग्रीअर नावाचे वृद्ध न्यायाधीश फार थकले होते. कामकाज त्यांच्या लक्षात राहीना. सहकारी त्यांच्याकडे गेले आणि आता आपण विश्रांती घ्यावी असे त्यांनी सुचविले. ग्रीअर यांनी ते मानले. सांगायला गेलेल्यांत स्टीफन फील्ड नावाचे न्यायाधीश होते. पंचवीस-सव्वीस वर्षे लोटली आणि स्वतः फील्ड यांची तीच अवस्था झाली. त्यांना कोणी सांगायचे? जॉन हार्लन या सहकाऱ्यावर ते काम आले. फील्ड एका बाकावर डुलकी घेत बसले होते. हार्लन यांनी सरळ विषय न काढता हळूच विचारले, पूर्वी ग्रीअर यांना सांगायला आपण गेला होता ते आठवते का? फील्ड खडबडून जागे झाले, त्यांचे डोळे चमकले आणि ते म्हणाले की, आठवते तर, आणि त्याहून घाणेरडे काम मी जन्मात दुसरे केलेले नाही! झाले. हार्लन गप्प बसले. ही गोष्ट चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी १९२८ साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

या गोष्टीवर वर्गातली मुले हसतात. तुम्हीही हसला असाल. पण जरा विचार करा. दुसऱ्याच्या बाबतीत जे फील्ड यांना स्पष्ट दिसले होते, ते स्वतःच्या बाबतीत दिसेना. आणि ज्याने सांगायचे त्या हार्लन यांची जीभ दुसऱ्या वाक्यालाच थांबली. फील्ड यांना आणखी एक ओढ होती. जॉन मार्शल हे तेथले थोर सरन्यायाधीश ३४ वर्षे पदावर होते. तो विक्रम मोडायचा होता. तो मोडून फील्ड डिसेंबर १८९७ मध्ये गेले, वयाच्या ८१ व्या वर्षी. अशिलांच्या मालमत्तेचे आणि जन्माचे प्रश्न ज्यांच्यासमोर यायचे, त्यांनी शेवटची काही वर्षे एका आकड्यासाठी काढली.

फील्ड यांचा हा विक्रम ज्यांनी मोडला त्यांची हकिगत अधिक दुःखद आहे. विल्यम डग्लस हे १९३९ साली अवघ्या चाळिसाव्या वर्षी न्यायाधीश झाले. मोठे बुद्धिमान, स्वतंत्र बाण्याचे, डोंगरदऱ्या तुडविणारे गृहस्थ. ३१ डिसेंबर १९७४ रोजी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीर लुळे पडले, वेदना असह्य होत्या, न्यायासनावर बसल्या बसल्या त्यांना ग्लानी येई. तरी ते उठेनात. अखेर सहकाऱ्यांनी आपापसांत ठरविले की, ज्या खटल्याचा निकाल डग्लस यांच्या एका मतावर फिरेल तो खटला पुढे ढकलायचा. बायरन व्हाइट या एका न्यायाधीशाने याला लेखी विरोध केला. एखाद्या न्यायाधीशाचे मत आम्ही परस्पर बाजूला ठेवणे घटनेत बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते चूक म्हणता येणार नाही. म्हणजे पाहा, एक माणूस उठत नाही म्हणून बाकीच्या आठांवर कायद्याला वळसा घालण्याची पाळी आली.

डग्लस का उठत नव्हते? तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते जेराल्ड फोर्ड. याच फोर्ड यांनी १९७० साली, संसदेत असताना, डग्लस यांना पदावरून काढण्याची मोहीम चालविली होती. आपण गेलो तर आपली जागा भरण्याचा अधिकार त्याच माणसाला मिळणार हे शल्य होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण तो पुन्हा येणार आहे. अखेर नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. सेवा झाली ३६ वर्षे ७ महिने. इतकी सेवा त्या न्यायालयात आजवर दुसऱ्या कोणाची झालेली नाही. पण राजीनामा देऊनही ते गेले असे म्हणवत नाही. चालू खटल्यांत आपणही भाग घ्यावा असे ते धरून बसले. त्यांच्या जागी नवे न्यायाधीश आलेले होते. शेवटी सगळ्यांनी सह्या करून त्यांना पत्र पाठविले की, हे आता होणे नाही. ते पत्र वाचताना त्यांना काय वाटले असेल याची मी पुष्कळदा कल्पना करतो. ज्या इमारतीत आयुष्य गेले तेथे आपली खुर्ची नाही, हे ज्याला कळतच नाही त्याला लोभी म्हणून काय साधणार?

आता अलीकडची, तुमच्यापैकी काहींना ठाऊक असलेली हकिगत. रूथ बेडर गिन्सबर्ग या बाई १९५९ साली कायद्याच्या परीक्षेत पहिल्या आल्या, पण बाई म्हणून एकाही मोठ्या वकिली पेढीने त्यांना उभे केले नाही. पुढे स्त्रियांच्या समान हक्कांसाठी त्यांनी याच सर्वोच्च न्यायालयात सहा खटले चालविले आणि पाच जिंकले. १९९३ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, त्या तेथे न्यायाधीश झाल्या. १९९९ मध्ये आतड्याचा आणि २००९ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. त्यांनी काम सोडले नाही. जून २०१० मध्ये पती वारले. दुसऱ्या दिवशी बाई न्यायासनावर हजर होत्या. अशा बाईला 'आता पुरे' असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

तरी सांगणारे होते. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष होते आणि नेमणुकीला मंजुरी देणारे सिनेट त्यांच्याच पक्षाच्या हाती होते. त्यांनी २०१३ च्या जुलैमध्ये बाईंना भोजनास बोलाविले. निवृत्तीचा शब्द त्यांनी काढला नाही. पुढच्या निवडणुकीत सिनेट हातचे जाऊ शकते एवढेच सुचविले, असे नंतर प्रसिद्ध झाले. (ओबामांचीही जीभ हार्लन यांच्यासारखीच थांबली म्हणायची!) बाई राहिल्या. काम पूर्ण जोमाने होते तोवर राहणार, असे त्या सांगत. शिवाय आपल्यासारख्या विचाराचा माणूस या घडीला सिनेट मंजूर करणार नाही, असाही त्यांचा हिशेब होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिनेट खरोखरच हातचे गेले. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदही गेले. १८ सप्टेंबर २०२० रोजी, ८७ व्या वर्षी, पदावर असतानाच बाई वारल्या. पुरते सहा आठवडेही झाले नाहीत तोच, २६ ऑक्टोबरला, त्यांच्या अगदी उलट विचारांच्या एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाली. २४ जून २०२२ रोजी गर्भपाताच्या हक्काचा १९७३ सालचा निकाल न्यायालयाने रद्द केला. तो रद्द करणाऱ्या पाच न्यायाधीशांत बॅरेट एक होत्या.

गर्भपाताच्या प्रश्नावर तुमचे-माझे मत काय, हा आजचा विषय नाही. आपण बाईंच्या बाजूने पाहू. ज्या हक्काला त्या जन्मभर जपत आल्या, तो त्यांच्याच रिकाम्या खुर्चीतून सुटला. त्यांना पैसा नको होता, मान भरपूर मिळालेला होता. त्यांना काम हवे होते, आणि ते काम आपल्याइतके चांगले दुसऱ्या कोणाला जमणार नाही असा विश्वास होता. माझ्या मते तो विश्वासच माणसाला खुर्चीत खिळवून ठेवतो. आळशी माणूस संधी मिळताच निवृत्त होतो. अडकून पडतो तो कामसू, आणि त्याच्या कामसूपणाचे सगळेच कौतुक करीत असल्यामुळे त्याला कोणी अडवीत नाही.

पण वेळेवर उठले की सारे सुरळीत होते, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते खरे ठरणार नाही. त्या न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर यांनी २००५ मध्ये, ७५ व्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. त्यांची प्रकृती उत्तम होती. पतीला स्मृतिभ्रंश झाला होता आणि त्यांना त्याच्याजवळ राहायचे होते. २००६ च्या जानेवारीअखेर त्यांनी खुर्ची सोडली, पण आजार इतक्या झपाट्याने वाढला की लवकरच पतीला घरी ठेवणे अशक्य झाले. आणि त्यांची खुर्ची ज्यांना मिळाली त्या सॅम्युअल अलिटो यांनीच २०२२ चा तो निकाल लिहिला. तेव्हा एक बाई राहिल्या आणि एक बाई गेल्या, निकाल एकच लागला. आपण गेल्यावर आपल्या खुर्चीचे काय होईल हे कोणाच्याही हाती नसते. राहिल्याने ते हाती येते, ही समजूत आहे.

याच न्यायालयात दुसऱ्या तऱ्हेची माणसेही झाली. डेव्हिड सूटर २००९ मध्ये ६९ व्या वर्षी आपण होऊन गेले. तेथल्या मानाने हे वय तरुणच. त्यांना राजधानी कधी आवडली नाही. न्यू हॅम्पशायर या आपल्या डोंगराळ राज्यात परतायचे होते. परतल्यावर त्यांनी नवे घर घेतले, कारण जुन्या शेतघराला त्यांच्या हजारो पुस्तकांचा भार पेलवणार नाही असे दिसले! तेथे राहून ते जवळच्या बॉस्टनच्या खालच्या न्यायालयात अधूनमधून खटले ऐकत. काम सुटले नव्हते, खुर्ची तेवढी सुटली होती. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी उद्या कोणी मोठ्या पदावर गेला तर या पुस्तकांची आठवण ठेवा. ज्याला परत जाण्यासारखे काही असते, त्याला उठणे सोपे जाते.

डग्लस यांच्या जागी आलेले जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी आणखी शहाणपणाची युक्ती केली. माझे काम घसरू लागले तर मला स्पष्ट सांगायचे, असे त्यांनी सूटर यांना सांगून ठेवले होते. गंमत अशी की, सूटर त्यांच्याआधीच निवृत्त झाले, आणि सांगणारा कोणी उरला नाही. जानेवारी २०१० मध्ये भर न्यायालयात निकालपत्र वाचताना स्टीव्हन्स यांची जीभ अडखळली. ते ८९ वर्षांचे होते. त्याच दिवशी त्यांनी निर्णय घेतला आणि त्या उन्हाळ्यात ते गेले. ज्यांनी फील्ड यांची गोष्ट लिहून ठेवली त्या ह्यूज यांचेही सांगितले पाहिजे. पुढे ते सरन्यायाधीश झाले आणि ९० वर्षांच्या ऑलिव्हर वेन्डेल होम्स यांना तेच सांगण्याचे काम त्यांच्याच नशिबी आले. होम्स यांनी राग धरला नाही, १२ जानेवारी १९३२ च्या तारखेने राजीनामा लिहून दिला. स्वतः ह्यूज १९४१ मध्ये, कोणी सांगण्याची वाट न पाहता, ७९ व्या वर्षी निवृत्त झाले. सांगणे किती कठीण हे ज्याने भोगले होते, त्याने ते दुसऱ्यावर येऊ दिले नाही.

पण प्रत्येकजण ह्यूज नसतो. म्हणून जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयात बारा वर्षांची एकच मुदत असते आणि ६८ व्या वर्षी निवृत्ती. खुद्द अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी ४९ राज्यांनी आपापल्या सर्वोच्च न्यायालयांना मुदत तरी घातली आहे किंवा वयाची अट तरी. उरले फक्त ऱ्होड आयलंड. तारीख आधी ठरलेली असली की ती कोणाचा अपमान करीत नाही. सहकाऱ्याला डुलकी घेणाऱ्या म्हाताऱ्यासमोर जाऊन बसावे लागत नाही. आम्हा शिक्षकांना ५८ चा आकडा पुष्कळदा टोचतो, ऐन अनुभवाच्या वयात घरी बसविले असे वाटते, आणि त्यात तथ्यही आहे. पण त्या आकड्यामुळेच माझ्या एकाही ज्येष्ठ सहकाऱ्याला 'तुम्ही आता जा' असे मला कधी सांगावे लागलेले नाही.

बिनतारखेच्या खुर्च्या शोधायला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या बाजारपेठेत गल्ल्याची किल्ली वडिलांच्या कमरेला आणि चाळीस वर्षांचा मुलगा गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे देण्यासाठी त्यांच्याकडे हात पसरतो, अशी दुकाने तुम्ही पाहिली आहेत. वडील वाईट नसतात. दुकान त्यांनी हातगाडीपासून वाढविलेले असते. पण दहा वर्षे नुसते सुट्टे पैसे मागत राहिलेल्या मुलाला एका सकाळी अचानक सगळे दुकान सांभाळावे लागते. मग लोक म्हणतात, बापासारखा नाही निघाला.

आणि आता जे बोलणार आहे ते व्यासपीठावरील ज्येष्ठांच्या परवानगीने बोलतो. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांत शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत प्रत्येकाला निवृत्तीचे वय आहे. कार्यकारी मंडळाला नाही. ज्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांतून पावतीपुस्तके घेऊन वर्गणी गोळा केली, पत्र्याच्या शेडमध्ये पहिला वर्ग भरविला, मुली शाळेत याव्यात म्हणून घरोघरी जाऊन आयांची समजूत काढली, त्यांचे ऋण मी मानतो. त्याच शाळेत शिकून मी बी.ए., बी.एड. झालो. पण आज मंडळाच्या सभेत पस्तिशीचा एकही सभासद नाही. मान्यतेचे प्रस्ताव, अनुदानाचे कागद, हिशेबतपासणी, न्यायालयातल्या तारखा, हे सारे दोन-तीन ज्येष्ठांच्याच डोक्यात आहे आणि कपाटाच्या किल्ल्याही त्यांच्याचकडे. कोणी लबाडीने ठेवलेल्या नाहीत. आपल्याइतक्या काळजीने दुसरा कोणी सांभाळणार नाही, असे त्यांना मनापासून वाटते. गिन्सबर्गबाईंनाही तसेच वाटत होते.

संस्थेच्या घटनेत दुरुस्ती करता येते. माजी विद्यार्थी म्हणून मी साधारण सभासद आहे, आणि येत्या वार्षिक सभेसाठी एक सूचना लिहून तयार केली आहे. पदाधिकाऱ्याचे कमाल वय ७०, एका पदावर सलग दोन मुदती, आणि त्यानंतर मताधिकाराविना सल्लागार मंडळावर जागा. हा नियम दहा वर्षांनी लागू व्हावा, म्हणजे आज व्यासपीठावर बसलेल्या कोणालाही उद्देशून तो केला आहे असे होणार नाही. तो लागेल तो माझ्या पिढीला. सूचनेवर अनुमोदक म्हणून आणखी एका सभासदाची सही लागते. ती जागा अजून कोरी आहे. कागद माझ्याजवळ आहे. कार्यक्रम संपल्यावर मी वाचनालयात थांबणार आहे.